ग्राहकचालित आरोग्य विमा योजना : वाढ आणि परिणाम – एक चिकित्सक अभ्यास
(अमेरिकेच्या विशेष संदर्भात)

सारांश

अमेरिकेत २००३ च्या कायद्यानंतर एका नव्या प्रकारच्या आरोग्य विम्याचा प्रसार झाला. या विम्यात मोठी वजावट रक्कम आणि करसवलतीचे आरोग्य बचत खाते यांची सांगड घातलेली असते. रुग्णाला खर्चाची झळ स्वतःला लागली की तो चोखंदळ ग्राहक बनेल आणि त्यातून आरोग्यसेवेचा एकूण खर्च आटोक्यात येईल, हे या योजनांमागील गृहीतक आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचा उगम, योजनांची वाढ आणि उपलब्ध संशोधनातून दिसणारे परिणाम यांची चिकित्सा केली आहे. सेवांचा वापर घटला, मात्र चोखंदळपणा वाढला नाही आणि खर्चाचा भार आजारी व अल्प उत्पन्न असलेल्या विमाधारकांकडे सरकला, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : आरोग्य विमा, वजावट रक्कम, आरोग्य बचत खाते, नैतिक धोका, ग्राहक सार्वभौमत्व.

१. प्रस्तावना

अमेरिकेत पासष्ट वर्षांखालील निम्म्याहून अधिक लोकांना आरोग्य विमा मिळतो तो नोकरीच्या माध्यमातून. हप्त्याचा मोठा वाटा नियोक्ता भरतो आणि उरलेला वाटा कर्मचाऱ्याच्या वेतनातून कापला जातो. केएफएफ (पूर्वीचे कैसर फॅमिली फाउंडेशन) या संस्थेच्या वार्षिक सर्वेक्षणानुसार २०२४ मध्ये कुटुंबासाठीच्या अशा विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. हप्ता सतत वाढत असताना हा भार कोणी आणि कसा सोसावा, हा तेथील आरोग्य धोरणातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

ग्राहकचालित आरोग्य विमा हे या प्रश्नाला बाजारवादी विचाराने दिलेले उत्तर होय. दरवर्षी शरद ऋतूत अमेरिकन कर्मचाऱ्यांपुढे पुढील वर्षाच्या विम्याचे पर्याय ठेवले जातात. त्यांत अधिक हप्ता व लहान वजावट असलेली पारंपरिक योजना असते आणि बहुधा कमी हप्ता, मोठी वजावट व सोबत बचत खाते असलेली योजनाही असते. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तेथे नोकरीस गेलेल्या मराठी कुटुंबांना ही निवड नवी नाही. पुढच्या वर्षी आपण किती आजारी पडू, याचा अंदाज बांधूनच ती करावी लागते.

या योजनांच्या नावातच एक दावा अंतर्भूत आहे. योजना ‘ग्राहकचालित’ आहे, म्हणजे सूत्रे ग्राहकाच्या हाती आहेत, असे ते नाव सुचविते. हा दावा कितपत टिकतो, हे तपासणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) ग्राहकचालित विम्याची वैचारिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) या योजनांच्या वाढीचे टप्पे व कारणे स्पष्ट करणे.
३) सेवांचा वापर, किमती आणि समता या निकषांवर त्यांच्या परिणामांची चिकित्सा करणे.

प्रस्तुत अभ्यास दुय्यम साधनसामग्रीवर आधारित असून त्यासाठी कायदेशीर तरतुदी, सर्वेक्षणे व प्रकाशित संशोधन यांचा आधार घेतला आहे. विवेचनाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

३. वैचारिक पार्श्वभूमी

आरोग्यसेवा ही इतर वस्तूंसारखी नाही, हा विचार अर्थशास्त्रात केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मधील आपल्या प्रसिद्ध लेखात मांडला. आजार केव्हा येईल हे अनिश्चित असते. उपचाराचा गुण येईल की नाही हेही अनिश्चित असते आणि डॉक्टरला जे ठाऊक असते ते रुग्णाला ठाऊक नसते. पाच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याच नियतकालिकात मार्क पॉली यांनी अ‍ॅरो यांच्या विवेचनावर टिप्पणी केली. विमा असला की सेवेची किंमत रुग्णाला शून्यवत वाटते आणि तो अधिक सेवा घेतो. हे वर्तन अनैतिक नसून किमतीला दिलेला सामान्य आर्थिक प्रतिसाद आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नैतिक धोक्याची ही मांडणी म्हणजे ग्राहकचालित विम्याची सैद्धांतिक जननी होय.

तिला प्रायोगिक आधार मिळाला तो रँड संस्थेच्या आरोग्य विमा प्रयोगातून. १९७४ ते १९८२ या काळात जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या प्रयोगात सुमारे २,७५० कुटुंबांना वेगवेगळ्या विमा योजनांमध्ये यादृच्छिक पद्धतीने विभागले गेले. काहींना उपचार पूर्ण मोफत होते, तर काहींना बिलाच्या ९५ टक्क्यांपर्यंत रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत स्वतः भरावी लागे. मोफत योजनेच्या तुलनेत सर्वाधिक वाटा भरणाऱ्या गटाचा खर्च सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळला. सरासरी व्यक्तीच्या आरोग्यावर मात्र याचा लक्षणीय विपरीत परिणाम दिसला नाही. ग्राहकचालित विम्याचे समर्थक हाच निष्कर्ष वारंवार उद्धृत करतात.

परंतु त्याच प्रयोगाचे आणखी तीन निष्कर्ष होते आणि त्यांचा उल्लेख क्वचितच केला जातो. पहिला असा की, लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबरच परिणामकारक उपचारही जवळपास त्याच प्रमाणात टाळले. दुसरा असा की, अल्प उत्पन्नाच्या व आधीपासून आजारी असलेल्या व्यक्तींचे, विशेषतः उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे आरोग्य मोफत योजनेत अधिक चांगले राहिले. तिसरी बाब प्रयोगाच्या रचनेतलीच होती. कुटुंबाने स्वतः भरावयाच्या रकमेची कमाल मर्यादा त्याच्या उत्पन्नाशी जोडलेली होती. गरीब कुटुंबाला श्रीमंत कुटुंबाइतका भार सोसावा लागत नव्हता. पुढे जी योजना या प्रयोगाच्या नावाने उभी राहिली, तिने नेमकी हीच अट वगळली.

४. योजनांची वाढ

१९८० व १९९० च्या दशकांत खर्च नियंत्रणाचा भर ‘मॅनेज्ड केअर’वर होता. कोणत्या डॉक्टरकडे जावे, कोणत्या तपासणीला परवानगी मिळावी, हे विमा संस्था ठरवीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या नियंत्रणाविरुद्ध रुग्ण व डॉक्टर या दोघांचाही रोष उसळला. दरम्यान १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाची सार्वत्रिक विम्याची योजनाही बारगळली. सरकार नको आणि विमा कंपनीचा अंकुशही नको, तर खर्च आवरणार कोण, अशी पोकळी निर्माण झाली. ती भरण्यासाठी ‘ग्राहक’ पुढे आणला गेला.

या विचाराचे आग्रही प्रतिपादक दोघे होते. डॅलस येथील नॅशनल सेंटर फॉर पॉलिसी अ‍ॅनालिसिसचे जॉन गुडमन यांनी १९९२ मध्ये ‘पेशंट पॉवर’ हा ग्रंथ सहलेखकासह प्रसिद्ध केला. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रेजिना हर्झलिंगर यांनी १९९७ च्या ‘मार्केट-ड्रिव्हन हेल्थ केअर’मध्ये इतर उद्योगांप्रमाणे आरोग्यसेवेतही ग्राहकाला केंद्रस्थानी आणण्याची मागणी केली.

कायद्याच्या पातळीवर वाटचाल टप्प्याटप्प्याने झाली. १९९६ च्या कायद्याने स्वयंरोजगार करणारे व लहान आस्थापना यांच्यासाठी ‘मेडिकल सेव्हिंग्ज अकाउंट’चा पथदर्शी प्रयोग सुरू केला. त्यात साडेसात लाख खात्यांची मर्यादा घातली होती. प्रत्यक्षात खाती त्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचली नाहीत. त्यानंतर डेफिनिटी हेल्थ व ल्युमेनोस यांसारख्या नवोदित कंपन्यांनी मोठ्या नियोक्त्यांना अशा योजना विकण्यास सुरुवात केली. २००२ मध्ये करविभागाने नियोक्त्याने भरलेल्या आरोग्य खात्यातील शिल्लक पुढील वर्षी नेण्यास मान्यता दिली. ८ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी मेडिकेअर आधुनिकीकरण कायद्यावर स्वाक्षरी केली. वृद्धांना औषधांसाठी विमा देणाऱ्या या कायद्यातच आरोग्य बचत खात्याची तरतूद होती आणि ती १ जानेवारी २००४ पासून अमलात आली. लगोलग युनायटेडहेल्थने २००४ मध्ये डेफिनिटी आणि वेलपॉइंटने २००५ मध्ये ल्युमेनोस विकत घेतली. मॅनेज्ड केअरला पर्याय म्हणून जन्मलेली कल्पना अशा रीतीने दोन वर्षांत बड्या विमा कंपन्यांच्या पदरी पडली.

केएफएफच्या सर्वेक्षणानुसार नियोक्त्याकडून विमा मिळणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी अशा योजनांत २००६ मध्ये ४ टक्के, २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२३ मध्ये २९ टक्के कर्मचारी होते. ही वाढ केवळ ग्राहकांच्या पसंतीतून झाली, असे म्हणता येत नाही. काही नियोक्ते केवळ हाच एक पर्याय देतात. काही ठिकाणी हप्त्यांतील फरक इतका ठेवला जातो की निवड नावापुरतीच उरते. वाढत्या हप्त्याला आवर घालण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून नियोक्त्यांनी या योजनेचा स्वीकार केला.

५. योजनेचे स्वरूप

या योजनेचे दोन घटक आहेत. पहिला घटक म्हणजे वजावट रक्कम. विमा कंपनीने पैसे देण्यास सुरुवात करण्यापूर्वी विमाधारकाने दरवर्षी स्वतः भरावयाची ही रक्कम असते. २००४ मध्ये तिची कायदेशीर किमान मर्यादा व्यक्तीसाठी १,००० व कुटुंबासाठी २,००० डॉलर होती. २०२६ साठी ती अनुक्रमे १,७०० व ३,४०० डॉलर आहे. दुसरा घटक म्हणजे आरोग्य बचत खाते. २०२६ मध्ये या खात्यात व्यक्तीला ४,४०० व कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत रक्कम भरता येते. भरणा करमुक्त, त्यावरील वाढ करमुक्त आणि आरोग्यासाठी काढलेली रक्कमही करमुक्त, अशी ही तिहेरी सवलत आहे. खाते कर्मचाऱ्याच्या मालकीचे असून नोकरी बदलली तरी ते त्याच्याकडेच राहते.

एक उदाहरण घेऊ. ३,४०० डॉलर वजावट असलेल्या दोन कुटुंबांपैकी एकाचे वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलर आणि दुसऱ्याचे चाळीस हजार डॉलर आहे. पहिल्या कुटुंबासाठी ही वजावट उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून कमी भरते; दुसऱ्यासाठी ती साडेआठ टक्के होते. दुसऱ्या कुटुंबात मधुमेहाचा रुग्ण असेल तर हा खर्च अपघाती राहत नाही. दर जानेवारीत वजावटीचे मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि तेच ओझे दरवर्षी नव्याने येते.

६. परिणामांची चिकित्सा

अ) वापरातील घट व तिचे स्वरूप : अशा योजनांमुळे खर्च घटतो, याबद्दल संशोधकांत फारसा मतभेद नाही. प्रश्न आहे तो कशामुळे घटतो, हा. झॅरेक ब्रॉट-गोल्डबर्ग, अमिताभ चंद्रा, बेंजामिन हँडल व जोनाथन कोलस्टॅड यांचा २०१७ मध्ये ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे निर्णायक ठरतो. एका मोठ्या कंपनीने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना मोफत सेवेच्या योजनेतून मोठ्या वजावटीच्या योजनेत हलविले. एकूण खर्च सुमारे १२ ते १४ टक्क्यांनी घटला. संशोधकांनी या घटीचे पृथक्करण केले, तेव्हा कर्मचारी स्वस्त डॉक्टर वा स्वस्त केंद्राकडे वळल्याचा पुरावा आढळला नाही. त्यांनी सेवाच कमी घेतली आणि त्यात उपयुक्त व प्रतिबंधक सेवाही होत्या.

या अभ्यासाचे महत्त्व त्यातील परिस्थितीमुळे वाढते. हे कर्मचारी सुस्थितीतील होते. वजावटीच्या जवळपास तेवढीच रक्कम कंपनीने त्यांच्या बचत खात्यात भरली होती. किमतींची तुलना करण्याचे साधनही त्यांना पुरविले होते. ग्राहकचालित विम्याच्या समर्थकांना अभिप्रेत असलेला ग्राहक कोठे सापडायचाच, तर तो येथे सापडायला हवा होता. उलट ज्यांचा खर्च वर्षअखेर वजावट ओलांडणार हे जवळजवळ निश्चित होते, अशा आजारी कर्मचाऱ्यांनीही वजावट संपेपर्यंत सेवा टाळली. वर्षाचा एकूण हिशेब त्यांच्या वर्तनाला दिशा देत नव्हता. समोर आलेल्या बिलाचा धाक देत होता.

आ) किमतींची तुलना : बाजारात ग्राहक दर विचारतो, दोन दुकाने फिरतो, पटले नाही तर खरेदी लांबणीवर टाकतो. रुग्णाला यांपैकी किती शक्य आहे? तपासणी कोणती करावी हे डॉक्टर सांगतो, ती कोठे करावी हेही बहुधा तोच सुचवितो आणि अंतिम बिल किती येईल हे डॉक्टरलाही ठाऊक नसते. माहितीचा अभाव दूर केला की हा दोष सरेल, असे समर्थक म्हणतात. सुनीता देसाई व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किमती दाखविणारे साधन उपलब्ध करून दिल्यानंतरही बाह्यरुग्ण सेवांवरील खर्च कमी झालेला आढळला नाही. मुळात ते साधन वापरणारेच थोडे होते. १ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेतील रुग्णालयांना दर जाहीर करणे बंधनकारक झाले आहे. पारदर्शकता स्वतंत्रपणे इष्ट आहे, यात शंका नाही. पण दर कळणे आणि त्या दरावर घासाघीस करण्याचे बळ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

इ) खर्चाचे केंद्रीकरण : अमेरिकेत सर्वाधिक खर्च होणाऱ्या पाच टक्के लोकांवर एकूण आरोग्य खर्चापैकी सुमारे निम्मा खर्च होतो. सर्वांत कमी खर्च होणाऱ्या निम्म्या लोकसंख्येचा वाटा जेमतेम तीन टक्के असतो. कर्करोगाचा उपचार, हृदयशस्त्रक्रिया वा अतिदक्षता विभागातील वास्तव्य यांचे बिल पहिल्या एक-दोन दिवसांतच वजावट ओलांडते आणि त्यानंतर रुग्णाच्या चोखंदळपणाला आर्थिक प्रोत्साहनच उरत नाही. म्हणजे ज्या क्षेत्रात खरा पैसा खर्च होतो तेथे ही योजना ग्राहकाला मोकळे सोडते, तर जेथे किरकोळ पण वेळेवर घेतलेली सेवा मोठा खर्च वाचवू शकते तेथे ती त्याला अडविते. आपल्याच तर्काच्या कसोटीवर योजना येथे अपुरी पडते.

ई) समता : फ्रँक व्हॅरम व सहकाऱ्यांनी स्तनांच्या कर्करोगासंबंधी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या वजावटीच्या योजनेत गेलेल्या स्त्रियांच्या तपासण्या, निदान व केमोथेरपी यांना काही महिन्यांचा विलंब झालेला आढळला. अल्प उत्पन्न गटात हा विलंब अधिक होता, पण सुस्थितीतील स्त्रियाही त्यातून सुटल्या नाहीत. मॅमोग्राफीसारखी प्राथमिक तपासणी मोफत असली, तरी संशय आल्यानंतरची प्रत्येक पायरी वजावटीच्या कक्षेत येत होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

करसवलतीचा लाभही विषम आहे. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या माहितीनुसार २००५ मध्ये आरोग्य बचत खाते वापरणाऱ्या करदात्यांचे सरासरी उत्पन्न सुमारे १,३९,००० डॉलर होते; इतर करदात्यांचे ५७,००० डॉलर होते. ज्याचा करदर जास्त त्याला सवलत जास्त आणि ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याला खाते उघडूनही लाभ शून्य. फेडरल रिझर्व्हच्या सर्वेक्षणानुसार २०२३ मध्ये अचानक आलेला ४०० डॉलरचा खर्च रोखीने वा तत्सम मार्गाने भागवू शकणारे प्रौढ ६३ टक्के होते. उरलेल्या ३७ टक्क्यांकडून हजारो डॉलरची वजावट बचतीतून भरण्याची अपेक्षा करणे वास्तवाला धरून नाही. ज्यांना परवडते त्यांच्यासाठी हे खाते निवृत्तीची करमुक्त गुंतवणूक बनले आहे. ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याला केवळ वजावट आली आहे.

७. समर्थकांची बाजू आणि धोरणातील दुरुस्त्या

या योजनांच्या बाजूने काही ग्राह्य मुद्दे आहेत. त्यांचा हप्ता कमी असतो. परवानगीच्या कागदपत्रांनी त्रस्त झालेल्या रुग्णाला खात्यातील पैसा आपल्या मर्जीने खर्च करण्याचे स्वातंत्र्य मिळते. निरोगी व बचतक्षम कुटुंबासाठी ही योजना खरोखरच फायद्याची आहे. शिवाय पूर्ण मोफत सेवेतही अपव्यय होतो, हे रँड प्रयोगाने दाखविलेच आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप खर्चात सहभाग घेण्याच्या तत्त्वावर नाही. सर्व सेवांना आणि सर्व उत्पन्न गटांना एकच मोजपट्टी लावण्यावर तो आहे.

धोरणकर्त्यांनीही ही उणीव हळूहळू मान्य केलेली दिसते. २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टने ठरावीक प्रतिबंधक सेवा वजावटीविना देणे आवश्यक केले. २०१९ मध्ये करविभागाने दीर्घकालीन आजारांवरील काही औषधे वजावटीपूर्वीच विम्यात घेण्यास परवानगी दिली. २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनबाबत ही मुभा कायद्यात आणली. यांपैकी प्रत्येक दुरुस्ती मूळ तत्त्वाला अपवाद करते, कारण कोणती सेवा मोलाची हे रुग्णरूपी ग्राहकावर न सोडता वैद्यकीय ज्ञानाच्या आधारे आधीच ठरवावे लागले. मार्क फेंड्रिक व मायकेल चेर्न्यू यांनी मांडलेली मूल्याधारित विम्याची संकल्पना हेच सांगते. सेवा जितकी उपयुक्त तितका रुग्णाचा वाटा कमी असावा, हे तिचे सूत्र आहे. मात्र जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने २०२६ पासून विमा बाजारपेठेतील सर्व ब्राँझ योजनांना बचत खात्यासाठी पात्र ठरविले आहे. दुरुस्त्या चालू असतानाच मूळ प्रतिमानाचा विस्तारही होत आहे.

८. भारतीय वाचकाच्या दृष्टीने

अमेरिकेने कायद्याने जी परिस्थिती घडविली, तिच्याशी भारतीय रुग्णाचा परिचय जुना आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतातील एकूण आरोग्य खर्चात खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. खिशातून पैसे दिल्याने रुग्ण चोखंदळ आणि सेवा स्वस्त होत असती, तर आपल्याकडे ते केव्हाच घडले असते. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती सर्व कुटुंबांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, हे स्वागतार्ह आहे. तरीही तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. रक्तदाब वा मधुमेहाच्या रुग्णाची दरमहाची औषधे ही बहुधा कुटुंबाच्याच खर्चाची बाब राहते. अमेरिकेतील अनुभव वाचताना हा धागा नजरेआड करू नये.

९. निष्कर्ष

१) ग्राहकचालित विम्याने सेवांचा वापर व खर्च काही प्रमाणात कमी केला; परंतु ही घट किमतींच्या तुलनेतून न येता सेवा टाळण्यातून आली.
२) उपयुक्त आणि निरुपयोगी सेवांत भेद करण्याचे काम वजावट करू शकत नाही. रँड प्रयोगाने १९८० च्या दशकातच दिलेला हा इशारा २०१७ च्या अभ्यासाने पुन्हा अधोरेखित केला.
३) आरोग्य खर्चाचा मोठा भाग वजावटीच्या पलीकडे असल्याने एकूण खर्च नियंत्रणाचे साधन म्हणून या योजनेची शक्ती मर्यादित आहे.
४) उत्पन्नाशी न जोडलेली वजावट व उत्पन्नाबरोबर वाढणारी करसवलत यांमुळे लाभ निरोगी व सधन वर्गाकडे आणि भार आजारी व अल्प उत्पन्न वर्गाकडे जातो.
५) वजावट उत्पन्नाशी जोडणे आणि दीर्घकालीन आजारांवरील परिणामकारक उपचार तिच्या कक्षेबाहेर ठेवणे, या किमान दुरुस्त्या आवश्यक आहेत.

१०. समारोप

कोणत्याही धोरणाची चिकित्सा त्याच्या परिभाषेपासून सुरू व्हावी लागते. ‘ग्राहक’ या शब्दाने रुग्णाला प्रतिष्ठा दिली, पण निवडीसाठी लागणारे ज्ञान, वेळ आणि पैसा दिला नाही. किंमत ठरविण्याचा अधिकार रुग्णालय, औषध कंपनी व विमा संस्था यांच्याकडेच राहिला. ग्राहकाकडे आले ते बिल. त्या अर्थाने या योजनांना ग्राहकचालित म्हणण्यापेक्षा ग्राहकभारित म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. एखाद्या स्त्रीची बायोप्सी तिच्या खात्यातील शिलकेसाठी थांबत असेल, तर त्या विलंबाला निवडीचे स्वातंत्र्य म्हणता येणार नाही.